सहावी बरणी

डॉक्टर जैविक दहशतवादाच्या प्रशिक्षणाला गेले, ते त्यांना जायची हौस होती म्हणून नव्हे, तर रुग्णालयातल्या बाकी सगळ्यांनी वेळेवर कारणं सांगितली म्हणून. दोन दिवस, दोनशे बारा स्लाइड्स आणि दर दीड तासाने चहा. कुणी मुद्दाम रोग पसरवला तर तो ओळखायचा कसा आणि त्यावर इलाज काय करायचा, हे तिथे शिकवलं. अँथ्रॅक्सच्या वेळी डॉक्टर जागे होते. प्लेगच्या वेळी त्यांचा डोळा लागला. देवीचे फोड आणि कांजिण्यांचे फोड यांतला फरक सांगत होते तेव्हा ते चक्क घोरत होते, असं शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मागाहून सांगितलं. बोट्युलिझमच्या वेळी मात्र चहा आला. कप हातात असल्यामुळे झोपता येईना, म्हणून तेवढा एक रोग त्यांना नीट कळला. पुढे जे घडलं त्यात अकलेचा वाटा किती आणि चहाचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

परत येताना त्यांच्याकडे एक कापडी पिशवी, छातीवर लावायचा बिल्ला आणि सहाशे पानांचं पुस्तक होतं. बिल्ल्याच्या मागे चोवीस तास चालणारा फोन नंबर होता. मोठ्या सिस्टरनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. तीस वर्षं त्या रुग्णालयात काढल्यामुळे त्यांना नवीन कशाचंच अप्रूप उरलं नव्हतं.

"आपल्याकडे दहशतवादी येणार कसे, डॉक्टर? शेवटची बस साडेसहाला जाते."

सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण बिल्ला त्यांनी काढला नाही. खरं सांगायचं तर त्यांना मनातून काहीतरी व्हावंसं वाटत होतं. फार मोठं नको, बेताचं. वीस वर्षं खोकले आणि मोडलेली मनगटं बघितल्यावर माणसाला एवढी इच्छा झाली तर त्याला फार नावं ठेवू नयेत.

दवाखान्यात असे बेधडक वावरणारे डॉक्टर घरी मात्र एका गोष्टीला घाबरत. ती गोष्ट म्हणजे सासूबाईंचा लसूण.

सासूबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. दर दोन महिन्यांनी त्या सोललेल्या लसणाच्या पाकळ्या व्हिनेगर घातलेल्या तेलात बुडवून सहा बरण्या भरायच्या आणि जावयाच्या हवाली करायच्या. अकरा वर्षांपूर्वी, लग्न ठरलं त्या दिवशी, डॉक्टरांनी त्या लसणाची तोंड भरून स्तुती केली होती. खाल्ला नव्हता. लसणाचा वास आला तरी त्यांना मळमळायचं, म्हणून पाकळ्या रुमालात गुंडाळून खिशात घातल्या आणि वर म्हणाले, "आई, तुमच्या हाताला चव आहे." तो रुमाल फेकून दिला, पण ती स्तुती काही परत घेता आली नाही. तेव्हापासून त्या बरण्या येतच राहिल्या.

यावर डॉक्टरांनी काढलेला तोडगा साधा होता. एक बरणी स्वयंपाकघराच्या फळीवर शोभेला ठेवायची आणि बाकीच्या पाच "डब्याबरोबर खायला" म्हणून दवाखान्यात न्यायच्या. तिथून त्या वाटून टाकायच्या. घेणाऱ्याकडून मात्र एक वचन घ्यायचं. "हे आपल्या दोघांतच. आमच्या घरी कळलं तर मला घर सोडावं लागेल." लोक हसून शब्द द्यायचे आणि पाळायचेही. रिकाम्या बरण्या धुऊन परत यायच्या, सासूबाई त्या मोजून घ्यायच्या आणि खूश व्हायच्या. मागच्या खेपेला तर डॉक्टरांनी कमाल केली. आपण खरंच खातो याचा पुरावा असावा म्हणून ते जाता जाता म्हणाले, "या वेळी व्हिनेगर जरा जास्त झालंय का हो, आई?" सासूबाईंनी मान डोलावली. जावई इतक्या बारकाईने खातो याचं त्यांना केवढं समाधान वाटलं.

त्या मंगळवारी सकाळी डॉक्टर बुटाची नाडी बांधत होते. बायको स्वयंपाकघरात पाण्याचा तिसरा ग्लास पीत होती. ती शाळेत गणित शिकवायची.

"नव्या चष्म्यात काहीतरी घोळ आहे," ती म्हणाली. "सगळं दोन-दोन दिसतंय."

"म्हणजे मीही दोन? चैन आहे तुझी."

"एकातच माझी हौस फिटलीये." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "आज जात नाही शाळेत. घशाला कोरड पडलीये, आणि आठवीची मुलं दुप्पट दिसली तर मी काही जिवंत परत यायची नाही."

"चष्मेवाल्याला दाखव," असं म्हणून डॉक्टर निघाले. हे वाक्य पुढे त्यांना आयुष्यभर आठवणार होतं, पण तेव्हा ते नाडी नीट बसली का तेवढंच बघत होते.

दवाखान्यात पोचतात तोच मोठ्या सिस्टर दारात उभ्या. "एक्स-रेवाला पिऊन आलाय. सकाळी नऊला. जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, आणि मला म्हणतो, सिस्टर, तुम्ही दोघी आत या."

डॉक्टरांनी एक्स-रेवाल्याचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. ताप नव्हता. तारीख विचारली, तर त्याने तारीख सांगितली, वार सांगितला, आणि यंदाच्या किती रजा शिल्लक आहेत तेही सांगितलं. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. पण पापण्या उचलत नव्हत्या, आवाज नाकातून येत होता, आणि पाणी दिलं तर गिळताना ठसका लागत होता.

"एका श्वासात आकडे म्हण," डॉक्टर म्हणाले. "मध्ये दम घ्यायचा नाही."

तो नवापर्यंत गेला आणि थांबला. धडधाकट माणूस सहज तीसपर्यंत जातो.

एवढ्यात सलूनवाल्याला घेऊन त्याचं गिऱ्हाईकच आलं. गिऱ्हाइकाच्या कानाला रुमाल गुंडाळलेला होता. "याला दोन कान दिसत होते," ते म्हणालं. "म्हणजे दोन असतातच, पण एकाच बाजूला." सलूनवाल्याच्याही पापण्या लोंबलेल्या होत्या आणि तोंडाला कोरड होती.

डॉक्टरांना तो चहाचा कप जसाच्या तसा आठवला. त्यामागची स्लाइडही. ताप नाही, शुद्ध पूर्ण, दोन-दोन दिसणं, कोरडं तोंड, आणि लकवा वरून खाली उतरत जाणारा. आधी डोळे, मग घसा, मग मान, मग हात, आणि शेवटी छाती. श्वास बंद पडतो आणि माणसाला सगळं कळत असतं. दोन माणसं, एकमेकांशी संबंध नाही, एकाच सकाळी. अशा वेळी नैसर्गिक कारण शोधाच, पण कुणी मुद्दाम केलं असेल ही शंकाही घ्या, असं त्या स्लाइडवर लाल अक्षरांत होतं.

"सिस्टर, बोट्युलिझम आहे," डॉक्टर म्हणाले. आवाज गंभीर ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता, पण त्यात थोडा आनंद डोकावलाच.

"मग मास्क काढू?"

"मास्क नको. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. विष अन्नातून पोटात जातं. रक्ताचे आणि शौचाचे नमुने घ्या, पण निकालाची वाट बघायची नाही. उतारा असतो त्याला, अँटिटॉक्सिन म्हणतात. जेवढं लुळं पडलं ते त्याने लगेच परत येत नाही, पण पुढे पसरायचं थांबतं. म्हणून जितक्या लवकर मिळेल तितकं बरं."

त्यांनी बिल्ला उलटा केला आणि फोन लावला. पलीकडच्या बाईंनी थंड आवाजात विचारलं, "किती रुग्ण?" डॉक्टर "दोन" म्हणणार तोच तिसऱ्या आल्या. वाचनालयाच्या बाई. या बाई डॉक्टरांसाठी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कापून ठेवायच्या, म्हणून त्यांची ओळख. बोलायला त्रास होत होता म्हणून त्यांनी आपल्या तक्रारी वाचनालयाच्या कार्डावर लिहून आणल्या होत्या. वर तारीख, खाली क्रमांक.

"तीन," डॉक्टर म्हणाले.

अकरा वाजेपर्यंत एक्स-रेवाला आकड्यांत पाचवर आला आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. नळी घालायच्या आधी त्याने खूण करून कागद मागितला आणि लिहिलं, "आजची रजा आजारपणाची धरा." सिस्टर "धरते रे बाबा" म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. सकाळी त्याला दारुड्या म्हटल्याचं त्यांना लागलं होतं.

साडेबाराला आरोग्य खात्याची गाडी आली. तपासनीस बाई आणि दोन माणसं, तिघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडासमोर काच. रांगेत बसलेले खोकलेवाले ती वरात बघून निम्मे बरे होऊन घरी गेले.

"बाई, हा संसर्गाने पसरत नाही," डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे," काचेमागून आवाज आला. "नियम आहे."

तपासनीस बाईंचं सगळं नियमाने चालायचं. थंड पेटी उघडून त्यांनी औषधाच्या बाटल्या काढल्या, क्रमांक वाचले, सही घेतली. प्रश्नांची जाड वही काढायला लागल्या तेव्हा सिस्टर मध्ये आल्या आणि म्हणाल्या, "औषध आधी, चौकशी मग." त्यावर बाई म्हणाल्या, "तोही नियमच आहे." घोड्याच्या रक्तापासून बनतं ते औषध, कुणाला सोसत नाही, म्हणून आधी थोडं देऊन पाहिलं आणि मग तिघांनाही सलाइनमधून हळूहळू चढवलं. पेटीत एक बाटली उरली.

"चौथी कुणासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणासाठी नाही. जितके रुग्ण त्याहून एक जास्त आणायची, असा नियम आहे. संध्याकाळी परत जाईल."

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघून भुवया उडवल्या. सरकारी डोक्याचे असे नमुने ते नेहमी जमवायचे, जेवताना बायकोला सांगायला.

मग चौकशी सुरू झाली. बाईंनी फळ्यावर तीन गोल काढले. तिघं एकाच हॉटेलात जेवले का? नाही. एकाच दुकानातून डबाबंद काही घेतलं? नाही. कुठल्या समारंभाला गेले? नाही. एक हाडांचे फोटो काढतो, एक केस कापतो, एक पुस्तकं देते. बाई गोलांकडे बघत राहिल्या.

"तिघांना ओळखणारा एकच माणूस सापडतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही. तुमच्यावर कुणाचा राग आहे का, डॉक्टर?"

डॉक्टरांची छाती जरा फुगलीच. आपल्यावर रोख धरून कुणीतरी जैविक हल्ला करावा इतके आपण महत्त्वाचे आहोत, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. ते गांभीर्याने शत्रू आठवू लागले. एक घरमालक आठवला. एक मेहुणा आठवला, पण तो फार आळशी होता.

तेवढ्यात वाचनालयाच्या बाईंनी बोटाने टिचकी मारली. त्यांना सांगितलं होतं, चार दिवसांत जे खाल्लं ते लिहा. त्यांनी ते वारवार, वेळवार लिहिलं होतं. सगळी यादी स्वच्छ, पण तीन ठिकाणी एकेक ओळ गच्च खोडलेली होती.

"हे काय आहे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

वाचनालयाच्या बाईंनी पेन घेतलं. पापण्या मिटत होत्या, म्हणून त्यांनी डाव्या हाताने एक पापणी वर धरली आणि उजव्या हाताने लिहिलं, "खाजगी. डॉक्टरांना शब्द दिला आहे."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. पांढऱ्या पोशाखातल्या दोन माणसांपैकी एक जण नकळत दाराच्या बाजूला सरकला.

"कसला शब्द?" डॉक्टर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. शेजारच्या खाटेवरून सलूनवाला नाकातल्या आवाजात पुटपुटला, "मला विचारू नका, डॉक्टर. मी नाही सांगणार. सासूबाईंचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

आपल्या माणसांनी आपल्यासाठी मरायची तयारी ठेवावी असं डॉक्टरांना तरुणपणी वाटायचं. ते लसणासाठी असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्यांनी सगळं सांगितलं. तपासनीस बाईंनी लिहून घेतलं, चेहरा काचेमागे असल्यामुळे त्या हसल्या की नाही ते कळलं नाही. त्यांनी फक्त हिशेब केला. बरण्या सहा. तीन वाटल्या. दोन डॉक्टरांच्या कपाटात फायलींच्या मागे, झाकणंही न उघडलेल्या. सिस्टरनी त्या चिमट्याने धरून पिशवीत घातल्या.

"सहावी?"

"ती घरी आहे. फळीवर, शोभेला. ती कुणी खात नाही."

"तरी ती लागेल. बनवणाऱ्यांशी बोलावंही लागेल."

बोट्युलिझमने छाती बंद पडते असं पुस्तकात होतं. सासूबाईंच्या विचारानेही पडते, हे डॉक्टरांना गाडीत बसल्यावर कळलं. सगळ्या रस्ताभर ते वाक्यं जुळवत होते. आई, एक गंमत झाली. आई, रागावू नका. आई, बसून घ्या. एकही धड जमेना. अकरा वर्षांचं खोटं पाच मिनिटांत खरं करायचं म्हणजे काही खायचं काम नव्हतं.

सासूबाई खालीच होत्या, स्वयंपाकघरात. पांढऱ्या पोशाखातली माणसं बघून त्या म्हणाल्या, "रंगवायला आलात का? आधी पाय पुसा."

डॉक्टर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि जुळवलेलं सगळं विसरून बोलून गेले. "आई, मी तुमचा लसूण कधीच खाल्ला नाही. एकदाही नाही. लोकांना देत होतो. तीन जण आजारी पडलेत, एक यंत्रावर आहे."

सासूबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"व्हिनेगर किती घालता?" तपासनीस बाईंनी विचारलं. "आंबट असेल तर हे विष तयार होत नाही. नुसत्या तेलात, बंद बरणीत, उबेला होतं."

"भरपूर घालायचे. माझी आई घालायची तसं. आजवर कुणाला काही झालं नाही." सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. "या खेपेला घातलंच नाही. जावईबापू म्हणाले, जास्त होतंय. म्हटलं, माणूस एवढ्या आवडीने खातो, तर त्याच्या जिभेप्रमाणे करावं."

तपासनीस बाईंचं पेन थांबलं. डॉक्टरांना वाटलं, आपल्याला आता कुणीतरी मारावं. म्हणजे निदान काहीतरी घडल्यासारखं होईल.

"बरणी," ते कसंबसं म्हणाले आणि फळीकडे वळले. बरणी तिथेच होती. पण निम्मी होती.

"मला वाटायचं, ही तर तुम्ही रोज सकाळी खाता," सासूबाई म्हणाल्या. "मी बघायची ना, लसूण खाली खाली जाताना. मी नाही खात बाई, मला लसूण सोसत नाही. तुमच्यासाठीच करायची."

शोभेची बरणी दर दोन महिन्यांनी आपोआप कशी रिकामी होते, हा प्रश्न डॉक्टरांना अकरा वर्षांत एकदाही पडला नव्हता. आता पडला, आणि त्याचं उत्तरही बरोबरच आलं. ते बाहेरच्या खोलीत धावले.

बायको कोचावर पडली होती. "झोप येतेय म्हणते," मागून सासूबाई म्हणाल्या. "पापण्याच उघडत नाहीत म्हणे."

"किती खाल्लास?" डॉक्टर तिच्याजवळ गुडघ्यावर बसले.

"दोन पाकळ्या. रोज." आवाज नाकातून येत होता, शब्द एकमेकांत अडकत होते. "तू खात नाहीस. आईला कळलं असतं. म्हणून तुझ्या वाटचं मी खायचे."

"एवढी वर्षं?"

"मलाही आवडत नाही," ती म्हणाली.

सकाळी साडेआठला तिने त्यांना सगळं सांगितलं होतं. दोन-दोन दिसतंय, घशाला कोरड पडलीये. एखाद्या परक्या माणसाने तेच दवाखान्यात येऊन सांगितलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं. घरच्या माणसाला ते चष्मेवाल्याकडे पाठवून आले होते.

"आकडे म्हण. एका श्वासात."

ती गणिताची बाई. तिने नीट, स्पष्ट म्हणायचा प्रयत्न केला. चौदापर्यंत गेली.

तपासनीस बाईंनी त्यांच्या माणसाला नुसतं बोट दाखवलं आणि त्याने बायकोला उचलून गाडीत बसवलं; थंड पेटी गाडीतच होती. चौथी बाटली दवाखान्यात पोचल्या पोचल्या चढवली. डॉक्टर खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. दर अर्ध्या तासाने ते म्हणायचे, "म्हण," आणि ती म्हणायची. तेरा. मग बारा. मग अकरा. यंत्र शेजारी आणून ठेवलेलं होतं आणि डॉक्टर त्याच्याकडे बघायचं टाळत होते. इतकी भीती त्यांना कधीच वाटली नव्हती, आणि ती लपवायला त्यांच्याकडे एकही विनोद शिल्लक नव्हता. पाच वाजता पुन्हा अकरा आले. साडेपाचला अकरा. सहाला अकरा.

"अडकले आकडे," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःच्या डोळ्यांना पदर लावला. "आता खाली जायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा आले. तपासनीस बाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दिसला. साधा, दमलेला, पन्नाशीचा. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्या नियमाला मी हसलो होतो."

"सगळेच हसतात," त्या म्हणाल्या. "हल्ला नव्हता असं लिहिलंय. कारणाच्या रकान्यात काय लिहू, तेवढं सुचत नाहीये. जावयाचं मत, असं लिहिलं तर वर कुणाला कळणार नाही."

लुळे स्नायू सावकाश जागे होतात. सलूनवाला दहाव्या दिवशी घरी गेला. कान कापलेलं गिऱ्हाईक त्याला न्यायला आलं होतं, पण केस वाढलेले असूनही त्याने विषय काढला नाही. वाचनालयाच्या बाईंनी पापणी वर धरून तीन जाड कादंबऱ्या संपवल्या. एक्स-रेवाल्याची नळी सोळाव्या दिवशी निघाली आणि त्याने घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न रजेचाच विचारला.

बायको शुद्धीत होती, खात होती, थोडंबहुत बोलतही होती. पण चेहरा हलत नव्हता. दु:खही दिसायचं नाही आणि रागही दिसायचा नाही, हे डॉक्टरांना फार लागायचं. तिने शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी आनंदाने ऐकून घेतल्या असत्या. ती नुसती बघायची, आणि त्या बघण्याचा अर्थ काय, ते कळायला मार्ग नव्हता. सासूबाई रोज येऊन लेकीजवळ बसायच्या. जावयाशी बोलायच्या नाहीत. डबा मात्र त्याचाही आणायच्या आणि न बोलता पुढे सरकवायच्या, ही शिक्षा होती की माया होती, तेही कळत नव्हतं.

अठराव्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला. भोपळ्याचं सूप होतं. लेकीला चमच्याने भरवलं, मग एक वाटी भरून जावयासमोर धरली.

"माझ्यासमोर खा," त्या म्हणाल्या. अठरा दिवसांतलं पहिलं वाक्य. "आणि सांगा, कसं झालंय."

सिस्टर सलाइन तपासायच्या निमित्ताने तिथेच घुटमळल्या. डॉक्टरांनी चमचा तोंडात घातला. तोंड भरून स्तुती करायचं वाक्य आपोआप जिभेवर आलं, कारण अकरा वर्षांची सवय होती. ते त्यांनी गिळलं. बायको त्यांच्याकडे बघत होती.

"अळणी आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि खालून लागलंय. करपट वास येतोय."

सासूबाईंनी त्यांच्या हातातला चमचा घेतला, आणि स्वतः एक घोट चाखला.

"लागलंय खरं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून असं बोलायला काय झालं होतं?"

तेवढ्यात खाटेवरून एक बारीक आवाज आला, नाकातून आल्यासारखा. त्यांनी वळून पाहिलं. बायकोच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला होता. मग हळूच, जरा उशिराने, उजवाही गेला. ती हसत होती. वाकडंतिकडं, दम लागत, पण हसत होती, आणि ते हसू त्यांच्याच फजितीचं होतं.

डॉक्टरांनी खाटेला टांगलेला कागद काढला. त्यांनी वेळ घातली आणि लिहिलं, "चेहऱ्याची हालचाल सुरू. दोन्ही बाजू." मग वाटी उचलली आणि सासूबाईंच्या देखत ते करपलेलं सूप शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.